उशीपाशी कधी 3, कधी 11: गॉसमीटर धरायचा कसा?

प्रश्न: आमच्या मुलीच्या पलंगाची डोक्याकडची बाजू ज्या भिंतीला लागते, तिच्या पलीकडे घराचा मुख्य वीजबोर्ड आहे. काळजी वाटली म्हणून हातात धरायचा गॉसमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचा मीटर, घेतला. उशीपाशी धरला की तो कधी 3 मिलिगॉस दाखवतो, कधी 11, कधी एकाहूनही कमी. फोनमधल्या ॲपवर मात्र 46 येतात. मीटरचं 'विद्युत क्षेत्र' हे बटण दाबलं तर मी नुसती जवळ सरकले तरी आकडा हलतो. विकणाऱ्याने सांगितलं होतं की 3 च्या वर धोका. मीटर बिघडलाय का? दुसरा घ्यायचा तर काय पाहून घ्यावा? आणि तोवर भिंतीला ॲल्युमिनियम फॉइल लावली तर चालेल का? मुलगी सहा वर्षांची आहे.
– एक आई

उत्तर: फॉइल लावू नका. पलंग आजच भिंतीपासून हातभर सरकवा, किंवा डोक्याची बाजू उलट्या दिशेला करा. एवढं झालं की उरलेलं सावकाश वाचा, कारण घाई करण्यासारखं यात काही नाही.

मीटर बिघडलेला वाटत नाही. तुमच्या आकड्यांवरून त्यात एकच कॉइल असावी. कॉइल म्हणजे बारीक तारेचं वेटोळं. बदलतं चुंबकीय क्षेत्र त्यातून आरपार गेलं की तारेत अगदी थोडा व्होल्टेज तयार होतो आणि मीटर तोच मोजतो. मात्र वेटोळ्याचं तोंड क्षेत्राच्या दिशेला हवं. ते 60 अंशांनी वळलेलं असेल तर आकडा निम्मा होतो, 90 अंशांनी वळलेलं असेल तर जवळजवळ शून्य. उशीपाशी मीटर एकदा आडवा, एकदा उभा, एकदा तिरका धरलात, तर तीन वेगळे आकडे येणारच.

पण दुसरं कारणही असू शकतं. चुंबकीय क्षेत्र वायरमधून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असतं आणि प्रवाह घरात काय चालू आहे त्यावर. गिझर चालू झाला की बोर्डातला प्रवाह वाढतो, त्याबरोबर आकडाही. यातलं कोणतं कारण तुमच्याकडे आहे ते ओळखायला पाच मिनिटं लागतात. उशीच्या जागी पुठ्ठ्याचा खोका ठेवा, मीटर त्यावर ठेवा आणि हात काढून घ्या. आता घरातल्या कुणाला तरी गिझर किंवा इस्त्री चालू-बंद करायला सांगा. मीटर जागचा हललेला नसताना आकडा बदलला तर ती प्रवाहाची करामत. काहीच बदललं नाही, पण मीटर खोक्यावरच कुशीवर वळवल्यावर बदललं, तर ती दिशेची. बहुतेक घरांत दोन्ही थोडंथोडं असतं.

एका कॉइलच्या मीटरनेही नीट मोजता येतं. मीटर त्याच जागी एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन दिशांनी ठेवायचा: आधी सपाट, तोंड भिंतीकडे, मग सपाटच, पण तोंड खिडकीकडे, मग उभा. प्रत्येक वेळी आकडा लिहून घ्यायचा. समजा 2, 9 आणि 6 आले. प्रत्येकाचा वर्ग करा: 4, 81, 36. बेरीज 121. तिचं वर्गमूळ 11. हे त्या जागचं खरं क्षेत्र, 11 मिलिगॉस. तुमच्या मीटरने कधी 11 आणि कधी एकाहून कमी दाखवलं ते असंच असेल. कमी आकडा आला तेव्हा कॉइलचं तोंड आडवं पडलं होतं. मीटर हातात फिरवत सर्वांत मोठा आकडा शोधणं ही झटपट पद्धत, आणि एका वायरच्या किंवा एका उपकरणाच्या बाबतीत ती बरोबर असते. तीन फेजच्या वाहिन्यांजवळ मात्र क्षेत्राची दिशाच गोल फिरत असते. तिथे नुसता मोठा आकडा घेतला तर क्षेत्र तीस टक्क्यांपर्यंत कमी मोजलं जातं, म्हणून तिथे वर्गांची बेरीजच करावी.

मोजताना होणाऱ्या एका चुकीने फार लोकांची झोप उडवली आहे, ती इथेच सांगून ठेवतो. मीटर हातात हलत असताना आलेला आकडा कधीही लिहू नका. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार 25 ते 65 मायक्रोटेस्ला असतं, म्हणजे 250 ते 650 मिलिगॉस. ते स्थिर असल्यामुळे कॉइलला दिसत नाही. पण कॉइलच फिरवली तर तिच्या दृष्टीने ते बदलतं झालं. मीटरच्या आतला फिल्टर असे संथ बदल बहुतांशी अडवतो, तरी एवढ्या मोठ्या क्षेत्राचा थोडासा अंश निसटला तरी पडद्यावर 5, 8, 15 असे आकडे उड्या मारतात. खोलीभर चालत मीटर इकडेतिकडे फिरवला की कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी सापडल्यासारखं वाटतं ते यामुळे. मीटर ठेवा, हात काढा, चार-पाच सेकंद थांबा, मग वाचा.

फोनचे 46 हे याच पृथ्वीचे. फोनमध्ये चुंबकीय सेन्सर असतो तो होकायंत्रासाठी. तो स्थिर क्षेत्र मोजतो आणि ॲप ते मायक्रोटेस्लात दाखवतं. तुमच्या मीटरच्या भाषेत ते 460 मिलिगॉस झाले, पण ते वेगळ्या जातीचं क्षेत्र. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा, काही देशांत 60 वेळा, पुढे-मागे अशी पूर्ण फेरी करते; यालाच 50 किंवा 60 हर्ट्झ म्हणतात. असं क्षेत्र पकडायला सेकंदाला शंभराहून बऱ्याच जास्त नोंदी घ्याव्या लागतात. फोनचा सेन्सर साधारण शंभर घेतो, अनेकदा त्याहूनही कमी. भिंतीतली लोखंडी सळई किंवा टेबलाचा पाय जवळ आला तरी त्याचा आकडा बदलतो. या कामासाठी ॲप काढून टाका. फोनही मीटरपासून दोन मीटर लांब ठेवा: फोन बॅटरीतून ठोक्याठोक्याने प्रवाह ओढतो, त्याचं क्षेत्र मीटरला दिसतं, आणि त्याच्या रेडिओ लहरी साध्या मीटरच्या सर्किटमध्ये शिरून आकडा फुगवतात.

विद्युत क्षेत्राच्या बटणाबद्दल थोडक्यात. ते क्षेत्र व्होल्टेजमुळे तयार होतं, प्रवाहामुळे नाही, म्हणून दिवा बंद असला तरी वायरमध्ये फेज आहे तोवर ते असतं. माणसाचं शरीर वीजवाहक, त्यामुळे तुम्ही जवळ गेलात की क्षेत्राचा आकारच बदलतो. हातात धरून घेतलेलं विद्युत क्षेत्राचं माप विश्वासाचं नसतं; मीटर प्लास्टिकच्या किंवा कोरड्या लाकडी काठीच्या टोकाला लावून, स्वतः दूर राहून मोजावं लागतं. तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, ते बटण सोडून द्या.

आता त्या 3 च्या आकड्याबद्दल, कारण खरी काळजी तिथे आहे. आधी एकक: 10 मिलिगॉस म्हणजे 1 मायक्रोटेस्ला. तुमचे 11 मिलिगॉस म्हणजे 1.1 मायक्रोटेस्ला. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2010 मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी 50 हर्ट्झला 200 मायक्रोटेस्ला ही मर्यादा सुचवली. 1998 मध्ये तीच 100 होती. तुमचा आकडा त्या 200 च्या साधारण 180 वा भाग आहे. ही मर्यादा शरीरावर लगेच होणाऱ्या परिणामांसाठी, म्हणजे क्षेत्रामुळे शरीरात प्रवाह तयार होऊन मज्जातंतू उत्तेजित होण्याबद्दल आहे.

विकणाऱ्याचा 3 वेगळ्या अभ्यासांतून आलेला. ज्या घरांत मुलांच्या वाट्याला येणारं क्षेत्र दीर्घकाळ सरासरी 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लाहून, म्हणजे 3 ते 4 मिलिगॉसहून, जास्त होतं, तिथे बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. अशी घरं फार थोडी, आजार मुळातच दुर्मीळ, आणि क्षेत्रामुळेच तो होतो हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये या क्षेत्रांना 2बी गटात, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सगळा पुरावा पुन्हा पाहिला आणि ज्या खबरदारीला जवळजवळ काही खर्च येत नाही ती घेणं योग्य, असं म्हटलं. पलंग सरकवणं ही तशी खबरदारी. 'सरासरी' हा शब्द विसरू नका. त्या अभ्यासांतला आकडा उशीपाशी एका क्षणी दिसलेला नव्हे, तो दिवसरात्रीचा सरासरी आकडा आहे. 3 च्या वर गेलं की धोका आणि खाली आलं की सुरक्षित, अशी रेघ त्यात कुठेही नाही.

मग तुम्ही मोजायचं काय? मुलगी जिथे आठ-नऊ तास असते ती जागा. उशी, पलंगाचा मध्य, पायथा. आणि अभ्यासाचं टेबल असेल तर खुर्चीत बसल्यावर छाती येते त्या उंचीवर. प्रत्येक ठिकाणी चिकटपट्टीची खूण करा आणि त्यावर मीटरचं तोंड कुठे होतं त्याचा बाण काढा, म्हणजे उद्याचं माप आजच्या मापाशी जुळवता येईल. तीन दिशांचे आकडे, वेळ आणि त्या वेळी घरात काय चालू होतं, एवढं वहीत लिहा. सकाळी एकदा, संध्याकाळी सगळे घरी असताना एकदा, रात्री सगळं शांत झाल्यावर एकदा. मुलीच्या बाबतीत रात्रीचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक घरांत तोच सर्वांत लहान निघतो. मोजण्याआधी मीटरची बॅटरी नवी घाला. बॅटरी उतरली की काही मीटर न सांगता चुकीचं दाखवतात. एखाद्या मोकळ्या मैदानात, वाहिन्यांपासून दूर, मीटर ठेवून पाहा. तिथे 0.0 ते 0.2 यायला हवं. एक-दीडच्या खाली उतरतच नसेल, तर मात्र मीटरमध्ये दोष आहे.

क्षेत्र कुठून येतं ते शोधायला अंतर हे सर्वांत चांगलं हत्यार. घरगुती उपकरणांची क्षेत्रं किती पटकन विरतात ते पाहा: जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात व्हॅक्युम क्लीनरपाशी 3 सेंटिमीटरवर 200 ते 800 मायक्रोटेस्ला, 30 सेंटिमीटरवर 2 ते 20 आणि 1 मीटरवर 0.13 ते 2. फ्रिज 30 सेंटिमीटरवरच 0.25 च्या आत येतो. मोटर आणि ट्रान्सफॉर्मरची क्षेत्रं अशीच कोसळतात. अंतर दुप्पट केलं की साधारण आठवा भाग उरतो. फेज आणि न्यूट्रल शेजारीशेजारी धावत असतील तर अंतर दुप्पट केल्यावर चौथा भाग, आणि एकटीच वायर असेल तर निम्मं.

आता तुमच्या भिंतीवर हे करून पाहा. बोर्डाच्या आतल्या वायरी मुलीच्या बाजूच्या पृष्ठभागापासून साधारण 10 सेंटिमीटर आत आहेत असं धरू. भिंतीपासून 10, 30 आणि 70 सेंटिमीटरवर मोजा. वायरीपासून ही अंतरं 20, 40 आणि 80 झाली, दर वेळी दुप्पट. प्रत्येक जागी तीन दिशांचं वर्गमूळ काढा आणि मोजत असताना घरातला भार बदलू देऊ नका. समजा 44, 11 आणि 3 आले. दर वेळी चौथा भाग, म्हणजे शेजारी धावणाऱ्या फेज-न्यूट्रलचं क्षेत्र. यात बिघाड काही नाही. पलंग हातभर सरकवला की प्रश्न मिटतो.

पण 22, 11, 5.5 असे निम्मे-निम्मे आकडे आले तर जागे व्हा. असं क्षेत्र खोलीभर पसरतं आणि पलंग सरकवून हटत नाही. याचा अर्थ कुठल्या तरी वायरमधून जाणारा प्रवाह तिच्या शेजारच्या वायरमधून परत येत नाही. 10 अँपिअर वाहून नेणारे फेज आणि न्यूट्रल 1 सेंटिमीटर अंतराने शेजारी असतील तर अर्ध्या मीटरवर क्षेत्र जेमतेम 0.8 मिलिगॉस असतं, कारण दोन विरुद्ध प्रवाह एकमेकांना खोडतात. तेच 10 अँपिअर एकट्या वायरमधून गेले तर त्याच जागी 40 मिलिगॉस. पन्नास पट! सोपा हिशेब लक्षात ठेवा: 1 अँपिअरच्या एकट्या प्रवाहाचं क्षेत्र 1 मीटरवर 2 मिलिगॉस असतं.

याचं नेहमीचं कारण दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडलेले असणं. जिन्याच्या टू-वे स्विचला फेज खालच्या मजल्यावरच्या सर्किटचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा घेतला, की झालं. कधी प्रवाहाचा काही भाग अर्थिंगच्या तारेतून किंवा पाण्याच्या लोखंडी पाइपातून परत जातो. यात चुंबकीय क्षेत्रापेक्षा शॉकची भीती मोठी आहे: एका सर्किटचा एमसीबी (बोर्डातला त्या सर्किटचा स्विच) पाडून, आता वीज गेली असं समजून कुणी न्यूट्रल सोडला, तर दुसऱ्या सर्किटच्या प्रवाहाने त्याला शॉक बसू शकतो. प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीसीबी (जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा नसला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो अशा जोडणीत पडतो. 'उगाच पडतो' म्हणून तो काढून टाकलेला असेल, तर तिथेच संशय घ्या.

शोधायची रीत अशी. मीटर खोक्यावर एका जागी ठेवा. कुणीतरी बोर्डाचं झाकण न उघडता, बाहेरूनच, एकेक एमसीबी पाडत जावं आणि तुम्ही आकडा लिहीत जा. त्याआधी कॉम्प्युटर बंद करा, आणि घरात कुणाचं वैद्यकीय उपकरण विजेवर चालत असेल तर हा प्रयोग करूच नका. ज्या सर्किटला आकडा धपकन उतरतो ते तुमचं. मुख्य स्विच पाडल्यावरही आकडा तेवढाच राहिला, तर क्षेत्र घराबाहेरून येतंय: शेजारचं घर, इमारतीची मुख्य केबल, रस्त्यावरची वाहिनी. इन्व्हर्टर असेल तर मुख्य स्विच पाडल्यावर तो आपोआप चालू होतो आणि गोंधळ करतो. तोही बंद ठेवा. सर्किट सापडलं की पुढचं काम परवानाधारक वायरमनचं. त्याला टंग टेस्टर (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर) घेऊन यायला सांगा आणि त्या सर्किटचे फेज व न्यूट्रल दोन्ही एकत्र चिमट्यात धरायला सांगा. जोडणी नीट असेल तर शून्य येतं. अर्धा अँपिअर, एक अँपिअर असं काही आलं, तर तेवढा प्रवाह भलत्याच वाटेने परत जातोय.

फॉइलला सुरुवातीलाच नाही म्हटलं त्याचं कारण असं. 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र ॲल्युमिनियममध्ये कमी व्हायला साधारण 12 मिलिमीटर जाडी लागते. स्वयंपाकघरातली फॉइल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. क्षेत्र तिच्यातून जसंच्या तसं जातं. विद्युत क्षेत्र मात्र ती अडवू शकते, त्यामुळे ते बटण दाबून पाहिलं तर आकडा पडलेला दिसू शकतो आणि काम झालं असा भास होतो. आणि भिंतीत ठोकलेल्या एखाद्या खिळ्याने आतल्या वायरला स्पर्श केलेला असला, तर ती अख्खी फॉइल फेजवर येते, तीही मुलीच्या हाताला लागेल अशा उंचीवर.

दुसरा मीटर घ्यायचा तर आधी वहीचे आकडे पाहून ठरवा. बऱ्याच वेळा गरज पडत नाही. घेतलाच तर तीन अक्षांचा घ्या. त्यात तीन कॉइली एकमेकींशी काटकोनात असतात आणि वर्गमूळ मीटरच काढतो. माहितीपत्रकात वारंवारतेचा पट्टा पाहा: 40 हर्ट्झपासून निदान 1,000 पर्यंत, आणि त्या पट्ट्यात प्रतिसाद 'सपाट' असल्याचं लिहिलेलं हवं. कॉइलमधला व्होल्टेज वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो. मीटरने ते सुधारलं नाही तर वरच्या वारंवारता फुगून दिसतात. 10 मिलिगॉसच्या 50 हर्ट्झच्या क्षेत्रात 150 हर्ट्झचा 20 टक्के भाग मिसळला, जसा एलईडी दिव्यांच्या आणि कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्यामुळे मिसळतो, तर सपाट मीटर 10.2 दाखवेल, दुसरा 11.7. आणि असा न सुधारलेला मीटर 60 हर्ट्झसाठी जुळवलेला असेल, तर 50 हर्ट्झच्या घरात तो 17 टक्के कमी दाखवेल. 'ट्रू आरएमएस' (म्हणजे तरंगाचा आकार कसाही असला तरी खरं परिणामी मूल्य मोजणारा) असं लिहिलेलं हवं, 0.1 मिलिगॉसपर्यंत बारीक वाचता यायला हवं, अचूकता टक्क्यांत दिलेली हवी आणि सोबत कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र हवं. रात्रभराच्या नोंदी साठवणारा मीटर मिळाला तर उत्तम, कारण सरासरी त्यातूनच निघते. नुसते रंगीत दिवे लागणारे मीटर घेऊ नका. मोबाइल टॉवर आणि वायफायसुद्धा मोजतो अशी जाहिरात पाहून भुलू नका. त्या लहरींचं माप वेगळ्या ॲन्टेनाने, वेगळ्या एककात होतं, आणि तुमच्या भिंतीमागच्या बोर्डाशी त्यांचा काही संबंध नाही.

पलंग सरकवल्यावर उशीच्या नव्या जागी तीन दिशांचं माप घ्या आणि जुन्या खुणेवरचंही, दोन्ही रात्री एकाच वेळी. वायरमनने काही दुरुस्ती केली, तर त्यानंतर त्याच खुणांवर, तोच गिझर चालू ठेवून पुन्हा मोजा. निम्मे-निम्मे उतरणारे आकडे दुरुस्तीनंतरही तसेच राहिले, तर त्याला दुसऱ्यांदा बोलवा आणि टंग टेस्टर या वेळी अर्थिंगच्या तारेला आणि पाण्याच्या पाइपाला लावायला सांगा.